बस कोणतीही असो, आधी ती थांबते कशी ते शिका: बेळगाव सीमाभागातील नव्या चालकांसाठी मार्गदर्शन

अवजड वाहनाचा परवाना नुकताच हाती आलेल्या किंवा लवकरच येणार असलेल्या आणि बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी या पट्ट्यात बस चालवू इच्छिणाऱ्या तरुणांसाठी हा लेख आहे. या भागात चालकाला वर्षानुवर्षे एकाच जातीची गाडी मिळत नाही. १९९७ साली स्थापन झालेले, हुबळीत मुख्यालय असलेले वायव्य कर्नाटक रस्ते परिवहन महामंडळ, पलीकडून येणारी महाराष्ट्राची एसटी, गोव्याची कदंब, शिवाय शाळांच्या, कारखान्यांच्या आणि खाजगी प्रवासी गाड्या अशा सगळ्या प्रकारच्या बस याच रस्त्यांवर धावतात. त्यांत पाट्यांवर (लोखंडी पानांच्या स्प्रिंगवर) उसळणारी, इंजिन शेजारी धडधडणारी जुनी लेलँड किंवा टाटा असते आणि हवेच्या फुग्यांवर तरंगणारी, गियर स्वतःच बदलणारी नवी गाडीही असते. गाडी बदलली की बहुतेक नवे चालक सर्वप्रथम तिचा वेग आणि गियर समजून घेतात. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. ही गाडी नेमकी कशाच्या जोरावर थांबते आणि तो जोर केव्हा कमी पडतो, हे आधी समजून घ्यावे. बाकी सर्व गोष्टी त्यानंतर येतात.

परवान्याविषयी थोडेच सांगतो. मोटार वाहन कायद्यानुसार प्रवासी वाहन चालवण्यासाठी वयाची २० वर्षे पूर्ण असावी लागतात, आणि हलक्या वाहनाचा परवाना किमान एक वर्ष जवळ असल्याशिवाय व्यावसायिक वाहनाचा शिकाऊ परवाना मिळत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर व्यावसायिक परवान्याची मुदत ५ वर्षांची झाली आहे. नूतनीकरणाची तारीख आपल्या वहीत लिहून ठेवावी.

पहिली पायरी: किल्ली फिरवण्याआधी गाडीभोवती फेरी

ही फेरी गाडी जुनी असो की नवी, टाळायची नाही. मागच्या जोडचाकांतील आतला टायर बसला असेल तर तो बाहेरून दिसत नाही, म्हणून लोखंडी दांड्याने दोन्ही टायर ठोकून आवाज ऐकावा. खानापूर भागातील खडीच्या रस्त्यांवर जोडचाकांच्या मध्ये दगड अडकतो आणि वेगात तो मागच्या वाहनाच्या काचेवर उडतो, तेव्हा तेथेही नजर टाकावी. चाकाच्या नटाभोवती गंजाची ओघळलेली रेघ दिसली तर तो नट सैल आहे असे धरून चालावे आणि मिस्त्रींना दाखवावे.

पाट्यांच्या गाडीत तुटलेले पान आणि सरकलेला पाटा पाहावा. हवेच्या फुग्यांच्या गाडीत, म्हणजे एअर सस्पेन्शनमध्ये, गाडी एका अंगाला झुकली आहे का ते सपाट जागेवर दुरून पाहावे. इंजिन बंद असताना बराच वेळ उभी राहिलेली गाडी थोडी खाली बसणे स्वाभाविक आहे. मात्र इंजिन सुरू करून हवा भरल्यानंतरही ती तिरकी राहिली तर तिला रस्त्यावर नेऊ नये.

दुसरी पायरी: हवा

आजच्या बहुतेक मोठ्या बसगाड्यांचा ब्रेक हवेवर चालतो. इंजिनाला जोडलेला कॉम्प्रेसर टाक्यांमध्ये हवा भरतो आणि पायाखालचे पॅडल ती हवा चाकांपर्यंत सोडते. साधारणपणे दाबाच्या काट्यावर ७ ते ८ किलोपर्यंत (प्रति चौरस सेंटीमीटर) हवा भरल्याशिवाय गाडी जागेवरून हलवू नये. दाब बराच उतरला तर दिवा लागतो किंवा बझर वाजतो. तो वाजत असताना गाडी काढणारा चालक स्वतःच्याच नव्हे, तर पन्नास-साठ जणांच्या जिवाशी खेळत असतो.

येथे जुन्या आणि नव्या गाडीत एक महत्त्वाचा फरक आहे. नव्या गाड्यांच्या हातब्रेकमध्ये जाड स्प्रिंग असते. हवा नसेल तेव्हा ही स्प्रिंग मागची चाके घट्ट धरून ठेवते, आणि हवा भरल्यावर ती दाबली जाऊन चाके मोकळी होतात. त्यामुळे हवा गेली तर अशी गाडी आपोआप जखडते. फार जुन्या गाड्यांत मात्र हातब्रेक म्हणजे केवळ तारेने किंवा सळईने ओढला जाणारा दांडा असतो. उतारावर त्याच्या एकट्याच्या भरवशावर गाडी सोडून उतरू नये. गाडी गियरमध्ये ठेवावी आणि चाकाला दगडाची उटी लावावी.

हवेच्या टाकीत पाणी साठते. नव्या गाड्यांत ते काढून टाकण्यासाठी एअर ड्रायर असतो, आणि मधूनमधून ऐकू येणारा ‘फुस्स’ असा आवाज त्याचाच असतो. जुन्या गाडीत टाकीखालची चावी रोज हाताने उघडून पाणी सोडावे लागते. कणकुंबी–जांबोटीच्या पावसात, जेथे हवाच ओली असते, हे काम एक दिवसही चुकवू नये.

तिसरी पायरी: जुन्या गाडीचा गियर आणि नव्या गाडीची सवय

जुन्या गियरबॉक्समध्ये दात आपोआप जुळवून घेणारी यंत्रणा नसे किंवा ती झिजलेली असे, म्हणून डबल क्लच करावा लागे. खालचा गियर लावताना क्लच दाबून न्यूट्रल करावे, क्लच सोडून थोडी रेस द्यावी आणि पुन्हा क्लच दाबून खालचा गियर लावावा. वरचा गियर लावताना रेस द्यायची नसते. न्यूट्रलमध्ये क्षणभर थांबून इंजिनाचा आवाज उतरला की गियर आत जातो. हा आवाज कानाने ओळखता येणे ही त्या गाड्यांनी दिलेली सर्वांत मोठी शिकवण होती. नव्या गाड्यांत डबल क्लचची गरज नाही. तरीही डेपोत एखादी जुनी गाडी उभी असेल तर ज्येष्ठ चालकाला विनंती करून मोकळ्या मैदानात तिच्यावर सराव करून घ्यावा, असे मी आग्रहाने सांगेन. इंजिनाचा वेग आणि चाकांचा वेग यांचे नाते एकदा हाताला कळले की पुढे घाटात योग्य गियर निवडताना चूक होत नाही.

हाफ क्लचवर गाडी चढावर रोखून धरण्याची सवय दोन्ही प्रकारांत वाईट आहे, कारण त्यात क्लच प्लेट जळते. गियर स्वतः बदलणाऱ्या गाडीत क्लचचे पॅडल नसले तरी आतमध्ये क्लच असू शकतो. चढावर ॲक्सिलरेटर हलका दाबून गाडी जागेवर तोलून धरली तर तोही तापतो. अशा वेळी सरळ ब्रेक वापरावा.

चौथी पायरी: वळण

पुढे इंजिन असलेल्या जुन्या गाडीत चालकाची बैठक पुढच्या चाकाच्या जवळपास वरच असते, त्यामुळे आपण जेथे वळतो तेथेच गाडी वळते असे वाटते. मागे इंजिन असलेल्या लांब गाडीत पुढचे चाक चालकाच्या बरेच मागे असते. या गाडीत जुन्या सवयीने स्टेअरिंग फिरवले तर मागचे आतले चाक कोपऱ्यावर चढते. म्हणून आपले शरीर वळणाच्या तोंडाच्या पुढे गेल्यासारखे वाटेपर्यंत थांबावे आणि मगच स्टेअरिंग फिरवावे. पहिल्या काही वेळा चालकाला आपण रस्त्याबाहेर जात आहोत असे वाटते. ते मोकळ्या मैदानावर अनुभवून घ्यावे, खानापूरच्या बाजारात नव्हे.

मागच्या चाकांमागे उरणारा भाग उलट दिशेने बाहेर फेकला जातो. आपल्याकडील नियमांनुसार हा भाग दोन चाकांमधील अंतराच्या ६० टक्क्यांपर्यंत लांब असू शकतो. निपाणी किंवा खानापूरच्या बसस्थानकातून बाहेर पडताना डावीकडे झटकन वळले की उजवीकडे उभा असलेला दुचाकीस्वार याच भागाच्या टप्प्यात येतो. निघताना दोन्ही आरशांत पाहावेच, आणि अर्धे वळण झाल्यावर बाहेरच्या आरशात पुन्हा एकदा पाहावे.

पाचवी पायरी: घाट

या लेखातील हा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे, आणि तेथून पश्चिमेकडे जाणारा जवळजवळ प्रत्येक रस्ता शेवटी कोकणात किंवा गोव्यात उतरतो: जांबोटी–कणकुंबीवरून चोर्ला, लोंढा–रामनगरवरून अनमोड, शिनोळी–चंदगडवरून आंबोली. कोल्हापूरच्या दिशेने महामार्गाने गेले तरी वंटमुरी आणि निपाणीआधीचा तवंदी घाट लागतोच. म्हणजे येथील चालक सकाळी भरलेली गाडी घेऊन निघतो तेव्हा त्याच्यापुढे आधी उतार असतो.

पूर्ण भरलेली दोन ॲक्सलची बस १५–१६ टनांपर्यंत जाते. एवढे वजन काहीशे मीटर खाली आणताना निर्माण होणारी सगळी ऊर्जा उष्णता होऊन कोठेतरी गेलीच पाहिजे. ती सगळी ब्रेकच्या ड्रमवर टाकली तर ड्रम तापून प्रसरण पावतो, लायनरची पकड सुटते, पॅडल दाबूनही गाडी हवी तशी थांबत नाही, आणि वारंवार दाबल्याने टाकीतील हवाही उतरते. घाटातील ब्रेक निकामी होण्यामागे पुष्कळदा तुटलेला भाग नसतो, तर तापलेला ड्रम असतो. ताशी ४० ऐवजी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी थांबवण्यासाठी ब्रेकला सव्वादोन पट ऊर्जा शोषावी लागते, हेही ध्यानात ठेवावे.

म्हणून उताराच्या तोंडाशीच, उतार सुरू होण्याआधी, खालचा गियर लावावा. ज्या गियरमध्ये हा घाट चढावा लागेल त्याच गियरमध्ये तो उतरावा, ही जुन्या चालकांची शिकवण आजही तंतोतंत खरी आहे. वेग वाढल्यावर गियर उतरवण्याचा प्रयत्न जुन्या गाडीत अनेकदा फसतो: गियर सुटतो, दुसरा बसत नाही आणि गाडी न्यूट्रलमध्ये मोकळी धावू लागते.

इंजिनाच्या रोधाला एक्झॉस्ट ब्रेकची जोड द्यावी. ही झडप धुराचा मार्ग अडवून इंजिनाला जड करते. ती गाडी गियरमध्ये असताना आणि इंजिन चांगल्या वेगात फिरत असतानाच काम करते, क्लच दाबला की तिचा उपयोग संपतो. जुन्या गाड्यांत तिचे बटण पायाशी असे, नव्यांत ते स्टेअरिंगजवळच्या दांडीवर किंवा ब्रेक पॅडलच्या पहिल्या हालचालीला जोडलेले असते. महागड्या आरामगाड्यांत रिटार्डर असतो, जो ड्रमला हात न लावता गाडीला मोठा रोध देतो. तो सामर्थ्यवान आहे, परंतु मागच्या चाकांवरच काम करतो, त्यामुळे चोर्ल्याच्या धुक्या-पावसात, शेवाळलेल्या डांबरावर तो एकदम पूर्ण ताकदीने लावू नये. एकेक टप्प्याने वाढवावा. पायाचा ब्रेक सतत टेकवून ठेवू नये. ठाम दाबून वेग पुरेसा उतरवावा, मग पाय पूर्ण उचलून ड्रमला थंड होऊ द्यावे.

डिझेल वाचवण्यासाठी उतारावर न्यूट्रल करणे किंवा इंजिन बंद करणे हा प्रकार अजूनही कानावर येतो, आणि त्याविषयी मला मनापासून चिंता वाटते. प्रति लिटर किलोमीटरचा, म्हणजे केएमपीएलचा, हिशोब चालकाकडे मागितला जातो हे खरे आहे. परंतु गाडी गियरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की उतारावर इंजिनाला डिझेल जवळजवळ जातच नाही, उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवण्यासाठी ते खर्च होते. इंजिन बंद केले तर पॉवर स्टेअरिंग जड होते आणि कॉम्प्रेसर थांबल्याने हवा भरणे बंद होते. ज्या बचतीसाठी हे केले जाते ती बचत मुळातच नसते.

सहावी पायरी: नव्या गाडीचे दिवे वाचायला शिका

१ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांना बीएस-६ ही धुराच्या प्रदूषणाची मानके लागू झाली. आजच्या नव्या गाडीत चालकाने तीन गोष्टी समजून घ्याव्यात. पहिली गोष्ट म्हणजे निळ्या झाकणाच्या टाकीतील डीईएफ, म्हणजे धूर स्वच्छ करण्यासाठी वापरला जाणारा द्रव. यात ३२.५ टक्के युरिया आणि उरलेले शुद्ध पाणी असते. खताचा युरिया पाण्यात कालवून तेथे ओतण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नये, कारण त्यातील अशुद्धीमुळे पूर्ण यंत्रणा बाद होते. डीईएफ डिझेलच्या टाकीत तर थेंबभरही पडता कामा नये. चुकून पडले तर इंजिन सुरू न करता मिस्त्रींना बोलवावे. ही टाकी रिकामी झाली तर इंजिनाची ताकद मुद्दाम कमी केली जाते, आणि घाट चढताना ते लक्षात येणे परवडणारे नसते.

दुसरी गोष्ट म्हणजे धुरातील काजळी अडवणारा फिल्टर, म्हणजे डीपीएफ. तो अधूनमधून स्वतःला जाळून साफ करतो आणि त्या वेळी धुराचा नळकांडा अतिशय तापतो. रायबाग, चिकोडी, अथणीकडे उसाच्या हंगामात रस्त्याच्या कडेला वाळलेले पाचट पडलेले असते. त्यावर नव्या गाडीला उभे करून इंजिन चालू ठेवणे म्हणजे आगीला निमंत्रण आहे. फिल्टर साफ करण्याचा दिवा लागला असेल तर सतत थांबत-थांबत जाण्याऐवजी, मोकळ्या रस्त्यावर काही वेळ गाडी एकसारख्या वेगाने चालू द्यावी.

तिसरी गोष्ट म्हणजे ब्रेक लावताना चाक जखडू न देणारी यंत्रणा, म्हणजे एबीएस. ती बीएस-६ चा भाग नाही. एबीएस नसलेल्या जुन्या गाडीत ओल्या रस्त्यावर चाक जखडले तर पाय सैल करून पुन्हा दाबावा लागतो. एबीएस असलेल्या गाडीत ब्रेक ठाम दाबून तसाच धरावा आणि स्टेअरिंगवर लक्ष ठेवावे. पंप मारत राहिल्यास यंत्रणेचा फायदा जातो आणि हवाही वाया जाते. आज आपण कोणत्या गाडीत बसलो आहोत हे निघण्याआधीच पाहून ठेवावे, कारण ऐनवेळी विचार करायला वेळ नसतो.

इलेक्ट्रिक बसचा रोध आणखी वेगळा आहे. ॲक्सिलरेटर सोडला की मोटरच जनित्र होते, गाडी मंदावते आणि बॅटरीत वीज परत जाते. हा रोध फार उपयोगी आहे, पण बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर वीज ठेवायला जागा नसते आणि रोध कमी मिळतो. घाटमाथ्याजवळ चार्ज करून लगेच उतरणीला लागणाऱ्या चालकाने हे विसरू नये. या गाडीला आवाज नसतो, म्हणून बसस्थानकाच्या आवारात माणसे आपोआप बाजूला होतील असे गृहीत धरू नये.

सातवी पायरी: येथील रस्ते आणि येथील माणसे

साखर कारखान्यांच्या हंगामात संध्याकाळनंतर दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर अनेकदा मागच्या दिव्याविना जातो, आणि ट्रॉलीबाहेर आलेला ऊस आपल्या काचेच्या उंचीवर असतो. त्याच्या मागे भरपूर अंतर ठेवावे. दोन्ही ट्रॉल्यांची लांबी लक्षात घेतल्याशिवाय ओव्हरटेक करू नये. पावसाळ्यात मलप्रभा, मार्कंडेय, वेदगंगा, दूधगंगा यांचे पाणी पुलावर आले की जुनी गाडी उंच आहे म्हणून ती जाईल असा अंदाज बांधू नये. २०१९ आणि २०२१ च्या पुरात निपाणीजवळ यमगर्णी येथे थेट राष्ट्रीय महामार्गावरच पाणी आले होते. वाहत्या पाण्यात रस्ता शिल्लक आहे की नाही, हे वरून दिसत नाही.

११ जून २०२३ पासून कर्नाटकात शक्ती योजनेखाली महिलांना साध्या बसमधून मोफत प्रवास मिळू लागला आणि गाड्यांतील गर्दी वाढली. सौंदत्तीच्या यल्लम्मा देवीची किंवा चिंचलीच्या मायाक्कादेवीची जत्रा असली तर उभे राहायलाही जागा उरत नाही. उभ्या प्रवाशांनी भरलेली गाडी उशिरा थांबते, वळणावर जास्त झुकते आणि हलक्या झटक्यानेही आतली माणसे पडतात. एअर सस्पेन्शनच्या गाडीत चालकाला हा झटका जाणवत नाही, मागे उभ्या असलेल्या आजीला मात्र जाणवतो. म्हणून थांब्याच्या बऱ्याच आधी वेग उतरवावा आणि अगदी थांबताना ब्रेक किंचित सैल करावा. दार पूर्ण बंद झाल्याशिवाय आणि कंडक्टरने इशारा दिल्याशिवाय गाडी हलवू नये. तो इशारा कर्नाटकच्या गाडीत शिट्टीने किंवा ‘रैट रैट’ म्हणून मिळतो आणि एसटीत दोनदा वाजलेल्या घंटीने. ‘होल्डान’ ऐकू आले की कारण न विचारता थांबावे. गावांच्या पाट्या कानडीत असतात, म्हणून आपल्या मार्गावरील गावांची नावे आणि कानडी आकडे आठवडाभरात वाचायला शिकून घ्यावेत.

आठवी पायरी: नव्या गाडीवरून जुन्या गाडीवर

हा बदल सर्वांत धोक्याचा आहे आणि त्याविषयी कोणी फारसे सांगत नाही. काही महिने रिटार्डर, एबीएस आणि हलके स्टेअरिंग वापरलेला चालक बदलीच्या दिवशी जुनी गाडी घेतो, तेव्हा त्याचा पाय ब्रेकवर उशिरा जातो, कारण नव्या गाडीत तेवढा उशीर चालून जात होता. असा बदल झाला तर पहिल्या काही किलोमीटरमध्ये, मागे वाहन नाही हे पाहून, दोन-तीनदा ब्रेक लावून गाडी किती अंतरात थांबते ते अजमावावे आणि त्या दिवशी पुढच्या वाहनापासून नेहमीपेक्षा अधिक अंतर ठेवावे. जमल्यास त्या दिवशी घाटाची फेरी घेऊ नये, आणि डेपोत तसे स्पष्ट सांगण्यास संकोच करू नये.

थकव्याचाही विचार येथेच करावा. मोटार वाहतूक कामगार कायदा, १९६१ मध्ये दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा होती, आणि सलग ५ तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती बंधनकारक होती. २०२५ मध्ये त्या कायद्याची जागा नव्या श्रमसंहितेने घेतली, तरी हे माप ध्यानात ठेवावे. इंजिन शेजारी असलेल्या जुन्या गाडीची उष्णता आणि आवाज चालकाला लवकर थकवतात, तर शांत, गार नवी गाडी रात्रीच्या महामार्गावर झोप आणते. डोळे जड झाले तर गाडी बाजूला घेऊन तोंडावर पाणी मारण्यापेक्षा वीस मिनिटे झोपावे.

शेवटची पायरी: गाडी परत देताना

लांबचा घाट चढून आलेल्या टर्बोच्या गाडीचे इंजिन एक-दोन मिनिटे हळू चालू ठेवून मगच बंद करावे, म्हणजे टर्बोला तेल मिळत राहते आणि तो थंड होतो. जुन्या गाडीत इंजिन बंद करण्यासाठी ओढायची दांडी असे आणि ती ओढली की काम संपत असे. बीएस-६ गाडीत किल्ली बंद केल्यावरही डीईएफचा पंप नळीतील द्रव परत टाकीत ओढत असतो, म्हणून बॅटरीचा मेन स्विच दोन मिनिटांनीच बंद करावा. त्यानंतर गाडीत जे जे जाणवले, म्हणजे ब्रेक एका बाजूला ओढत होता का, हवा उशिरा भरत होती का, कोणता दिवा कोणत्या ठिकाणी लागला, हे सर्व नोंदवहीत स्पष्ट लिहावे. तोंडी सांगितलेली तक्रार पाळी बदलली की विसरली जाते; लिहिलेली तक्रार सकाळी ही गाडी घेणाऱ्या चालकाला वाचता येते.